मोजमापाचा प्रश्न : कॅलिफोर्नियातील विशेष माध्यमिक शाळा

आपल्या मुलाला कोणत्या शाळेत घालावे याचा निर्णय करताना शाळाशाळांची तुलना करणे हा पालकांचा स्वाभाविक व्यापार आहे. परंतु अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात हे तुलनेचे काम खुद्द सरकारने अंगावर घेतले असून, २०१७ सालापासून तेथील शिक्षण खात्याकडून राज्यातील सरकारी शाळांचा एक रंगीत तक्ता प्रसिद्ध होऊ लागला आहे. इंग्रजी व गणित या विषयांतील प्रगती, डिप्लोमा मिळवून शाळेतून बाहेर पडणाऱ्यांचे प्रमाण, वरचेवर गैरहजर राहणाऱ्यांची संख्या, शिस्तभंगाबद्दल काही दिवस शाळेबाहेर ठेवल्या गेलेल्यांची संख्या, अशा निरनिराळ्या बाबींपुढे या तक्त्यात तांबड्यापासून निळ्यापर्यंत पाच रंगांपैकी एकेक रंग भरलेला असतो, आणि तांबडा म्हणजे सर्वांत खालची, निळा म्हणजे सर्वांत वरची पायरी असा त्याचा संकेत आहे. सर्वसाधारण हायस्कुलाच्या बाबतीत या तक्त्यावरून पालकाला निदान चौकशीची दिशा तरी सापडते. मात्र तोच तक्ता दिव्यांग मुलांसाठी चालविलेल्या एखाद्या विशेष हायस्कुलाच्या नावाने उघडला, तर बहुतेक चौकटी रिकाम्या आढळतात. कारण एखाद्या गटात तिसांहून कमी विद्यार्थी असतील तर त्याला रंगच द्यावयाचा नाही, आणि ते दहा किंवा त्याहून कमी असतील तर कोणाची ओळख उघडी पडू नये म्हणून आकडाही छापावयाचा नाही, असा खात्याचा नियम आहे, आणि विशेष शाळेत एका इयत्तेत दहा मुले असणे ही काही अपवादाची गोष्ट नव्हे.

या रिकाम्या चौकटी पाहून चुकचुकणारे लोक पुष्कळ आहेत. मला मात्र असे वाटते की, त्या चौकटी उद्या कसल्याशा युक्तीने भरून काढल्या, तरी त्यांतून पालकाच्या हाती फारसे काही लागणार नाही. कारण सर्वसाधारण शाळांची तुलना ज्या गृहीतावर उभी असते, की मुले थोड्याफार फरकाने सारखीच आहेत आणि जो भेद दिसतो तो शाळेच्या कर्तबगारीचा आहे, ते गृहीत विशेष शाळेच्या उंबरठ्यावरच संपते. तेथे मूल शाळा निवडीत नाही, शाळाही मूल निवडीत नाही. त्या एका मुलाच्या गरजांचा लेखी आराखडा आधी तयार होतो आणि त्या आराखड्यातून शाळा ठरते. अशा व्यवस्थेत शाळेचा आकडा हा पुष्कळ अंशी तिच्याकडे कोणती मुले पाठविली गेली याचाच आकडा असतो. ही गोष्ट नीट ध्यानात येण्यासाठी या शाळा किती प्रकारच्या आहेत, त्या कशा निर्माण झाल्या, आणि मोजमापाच्या प्रश्नावर या राज्यात किती तीव्र वाद होऊन गेले आहेत, हे थोडे विस्ताराने पाहिले पाहिजे.

कॅलिफोर्नियातील सरकारी शाळांत सुमारे ५८ लक्ष मुले शिकतात आणि त्यांपैकी सुमारे ८ लक्ष मुलांना कोणत्या ना कोणत्या प्रकारचे विशेष शिक्षण मिळते. वाचन-लेखनातील अक्षमता, वाचादोष, स्वमग्नता असे ज्यांचे निदान झालेले असते अशी यांतील बहुसंख्य मुले गावच्या सर्वसाधारण शाळेतच, कधी इतरांबरोबर तर कधी दिवसाचे काही तास स्वतंत्र वर्गात बसून शिकतात. स्वतंत्र विशेष शाळेत जाणारी मुले त्या मानाने थोडी. या थोड्यांसाठीही शाळा तीन निराळ्या सत्तांच्या अखत्यारीत आहेत. काही शाळा स्थानिक शाळा-मंडळांच्या, ज्यांना तेथे स्कूल डिस्ट्रिक्ट म्हणतात, त्यांच्या आहेत. काही, विशेषतः तीव्र व बहुविध दिव्यांगत्व असलेल्या मुलांच्या, काउंटीच्या शिक्षण कचेरीकडून चालविल्या जातात. अशा काउंट्या राज्यात ५८ आहेत. आणि तीन शाळा अशा आहेत की ज्यांचा कारभार मधल्या कोणाच्याही हाती न देता राज्याच्या शिक्षण खात्याने थेट आपल्याकडे ठेवला आहे : फ्रीमाँट आणि रिव्हरसाइड येथील कर्णबधिरांच्या दोन शाळा, व फ्रीमाँट येथीलच अंधांची शाळा. याखेरीज राज्याची मान्यता घेतलेल्या काही खाजगी विशेष शाळाही आहेत. स्थानिक मंडळाजवळ योग्य सोय नसेल तर ते मंडळ मुलाला तेथे पाठविते आणि त्याची फी सरकारी पैशातून भरते, त्यामुळे सरकारी शिक्षण कोठे संपले आणि खाजगी कोठे सुरू झाले याची रेघ येथे नेहमीसारखी ठळक राहत नाही.

राज्याने थेट चालविलेल्या शाळांविषयी थोडे अधिक सांगावयास हवे, कारण विशेष शाळा म्हणजे जगापासून मूल दूर ठेवण्याची जागा, असा जो एक समज सुशिक्षितांतही आढळतो, त्याला या शाळांचा इतिहास चांगले उत्तर देतो. कॅलिफोर्निया १८५० साली संघराज्यात सामील झाले, आणि त्यानंतर दहाच वर्षांनी, १८६० साली, सॅन फ्रान्सिस्को शहरात मूठभर विद्यार्थ्यांनिशी फ्रीमाँटच्या आजच्या दोन्ही शाळांचे मूळ असलेली शाळा सुरू झाली. १८६९ साली ती बर्कलीच्या टेकड्यांखाली गेली, पुढे अंधांचा विभाग तिच्यापासून वेगळा झाला, आणि बर्कलीची जागा भूकंपाच्या दृष्टीने धोक्याची ठरल्यावर १९८० साली दोन्ही शाळा फ्रीमाँट येथे शेजारी-शेजारी वसविण्यात आल्या. या शाळेच्या पहिल्या विद्यार्थ्यांतील थिओफिलस डी'एस्ट्रेला हा पुढे तेथेच चित्रकलेचा शिक्षक झाला आणि छायाचित्रकार म्हणूनही प्रसिद्धीस आला. डग्लस टिल्डन हा येथलाच विद्यार्थी व पुढे येथलाच शिक्षक. त्याने पॅरिसला जाऊन शिल्पकलेचा अभ्यास केला, आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या भर रस्त्यात आजही उभा असलेला कामगारांचा भव्य पुतळासमूह त्याच्याच हातचा आहे. ग्रॅनव्हिल रेडमंड याने कॅलिफोर्नियाच्या माळावरील रानफुलांची जी चित्रे काढली ती आज त्या प्रांताच्या चित्रकलेचे भूषण मानली जातात, आणि मूकपटांचा नट चार्ली चॅप्लिन याला हातवाऱ्यांच्या भाषेची ओळख करून देणारा मित्र म्हणूनही त्याचे नाव घेतले जाते. अंधांच्या शाळेची परंपराही अशीच आहे. न्यूएल पेरी या अंध गणितज्ञाने तेथे कित्येक वर्षे अध्यापन केले, आणि त्याच्या हाताखाली शिकलेला जेकबस टेनब्रोक हा कायद्याचा पंडित पुढे बर्कलीच्या विद्यापीठात प्राध्यापक झाला व १९४० साली अंधांच्या राष्ट्रीय संघटनेच्या स्थापनेत अग्रणी राहिला.

रिव्हरसाइडची शाळा १९५३ सालची, म्हणजे या मानाने अर्वाचीन. राज्याच्या दक्षिण भागातील मुलांना घरापासून शेकडो मैल दूर उत्तरेस जावे लागू नये म्हणून ती निघाली. या शाळेच्या फुटबॉल संघाने २०२१ साली एकही सामना न गमावता आपल्या विभागाची अंतिम फेरी गाठली, तेथे तो हरला, आणि दुसऱ्याच वर्षी त्याने ते अजिंक्यपद मिळविले. मैदानावर खेळाडू, राखीव खेळाडू, प्रशिक्षक, सारेच एकाच सांकेतिक भाषेत एकमेकांशी बोलत होते. प्रतिस्पर्ध्यांना ओरडून सांगावे लागणारे डाव हे हाताच्या एका खुणेने ठरवीत होते. सर्वसाधारण हायस्कुलात दुभाष्याच्या आधाराने शिकणारा एकटा कर्णबधिर मुलगा अभ्यासात कितीही पुढे असला, तरी मधल्या सुटीत गप्पा कोणाशी मारावयाच्या, संघाचे नायकत्व कोठे करावयाचे, थट्टामस्करी कोणत्या भाषेत चालावयाची, हे प्रश्न त्याच्यापुढे रोज उभे असतात. कर्णबधिरांच्या समाजात या निवासी शाळांविषयी जी आत्मीयता आहे तिचे मूळ येथे आहे, आणि रंगीत तक्त्यात या गोष्टीसाठी रकाना नाही.

परंतु सगळ्याच दिव्यांग मुलांच्या वाट्याला असा मानाचा इतिहास आलेला नाही. विशेषतः ज्यांची बुद्धी मंद ठरविली गेली, त्यांना विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत शाळेचे दारच बंद असे, किंवा उघडे असले तर ते एका आडबाजूच्या वर्गाचे असे. १९७५ साली अमेरिकेच्या केंद्रीय कायदेमंडळाने प्रत्येक दिव्यांग मुलाला मोफत व त्याच्या गरजेस साजेल असे सरकारी शिक्षण मिळाले पाहिजे असा कायदा केला, तेव्हा त्या कायद्यातच अशी नोंद करण्यात आली की, देशात ८० लक्षांहून अधिक दिव्यांग मुले असून त्यांतील निम्म्यांहून अधिकांना योग्य शिक्षण मिळत नाही आणि १० लक्ष मुले सरकारी शाळांतून पूर्णपणे वगळली गेली आहेत. वैयक्तिक शिक्षण आराखडा, ज्याला आपल्याकडील विशेष शिक्षकही आयईपी याच नावाने ओळखतात, तो याच कायद्याने आवश्यक केला. या शिक्षणासाठी दर दिव्यांग मुलामागे देशातील सरासरी दर-विद्यार्थी खर्चाच्या चाळीस टक्क्यांपर्यंतचा भार केंद्र उचलील असे आश्वासनही त्या वेळी देण्यात आले होते. ते अर्धशतक लोटले तरी पुरे झालेले नाही, आणि त्याचा भुर्दंड राज्ये व स्थानिक मंडळे सोसत आली आहेत.

कॅलिफोर्नियात मात्र या कायद्याच्याही आधी एक निराळेच प्रकरण न्यायालयात जाऊन पोहोचले होते, आणि तुलनेच्या आपल्या विषयाशी त्याचा संबंध अगदी जवळचा आहे. माँटेरे काउंटीतील सोलेदाद या शेतमजुरांच्या गावात नऊ मेक्सिकन वंशाच्या मुलांची इंग्रजीतून बुद्धिमापन चाचणी घेऊन त्यांना मंदबुद्धीच्या वर्गात घालण्यात आले होते. त्या मुलांच्या घरी स्पॅनिश बोलली जात असे, आणि तीच चाचणी स्पॅनिशमधून घेतली तेव्हा त्यांतील बहुतेकांचे गुण त्या वर्गाच्या मर्यादेच्या वर गेले. डायना नामक मुलीच्या नावाने ओळखला जाणारा तो दावा १९७० साली तडजोडीने मिटला आणि मुलाची परीक्षा त्याच्या घरच्या भाषेतून घेतली पाहिजे असे ठरले. पुढच्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोमधील कृष्णवर्णीय मुलांच्या वतीने दुसरा दावा दाखल झाला. राज्यातील एकंदर विद्यार्थ्यांत त्यांचे प्रमाण दहांत एकाच्या आसपास असताना मंदबुद्धीच्या वर्गांत मात्र ते सुमारे चतुर्थांश भरत होते, आणि या विपरीत प्रमाणाचा जाब राज्याच्या शिक्षणप्रमुखाला विचारण्यात आला होता. तो शिक्षणप्रमुख विल्सन राइल्स हा स्वतः कृष्णवर्णीय होता, ही गोष्टही ध्यानात ठेवण्याजोगी आहे. कारण त्यावरून दिसते की अन्याय व्हावयास कोणा एका माणसाचा द्वेष लागत नाही, मोजण्याचे साधन वाकडे असले की पुरते. न्यायाधीश रॉबर्ट पेकहॅम यांनी १९७९ साली दिलेल्या निकालात कृष्णवर्णीय मुलांना अशा वर्गांत घालण्यासाठी त्या बुद्धिमापन चाचण्या वापरण्यास मनाई केली, आणि अपिलातही १९८४ साली तो निकाल मुख्यत्वे कायम राहिला.

एखाद्या विशेष शाळेत किंवा वर्गात कोण बसले आहे हेच ज्या राज्यात न्यायालयापर्यंत गेले, तेथे त्या शाळेच्या निकालाचा आकडा निमूटपणे स्वीकारता येत नाही. वर्गातील चतुर्थांश मुले तेथे मुळात नसावयास हवी होती असे ठरले, तर त्या वर्गाचा निकाल चांगला लागला काय किंवा वाईट लागला काय, त्यावरून शाळेविषयी अनुमान काढणे व्यर्थ होय.

मग योग्य शिक्षण म्हणजे किती शिक्षण? १९८२ साली देशाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे न्यूयॉर्क राज्यातील एमी राउली या कर्णबधिर मुलीचा खटला आला. ती सर्वसाधारण वर्गात वरच्या इयत्तेत जाण्याइतके गुण मिळवीत होती, परंतु वर्गात जे बोलले जाई त्यातले पुष्कळसे तिच्यापर्यंत पोहोचत नव्हते, म्हणून तिच्या पालकांनी सांकेतिक भाषेच्या दुभाष्याची मागणी केली होती. मुलाला शिक्षणाचा काही एक लाभ होत असेल तर कायद्याची अट पुरी होते, त्याची सारी शक्ती फुलविण्याची सक्ती शाळेवर नाही, असा निकाल देऊन न्यायालयाने ती मागणी अमान्य केली. त्यानंतर कित्येक वर्षे देशातील काही न्यायालये या लाभाची पायरी खाली-खाली नेत राहिली. शेवटी २०१७ साली कोलोरॅडो राज्यातील एका स्वमग्न मुलाच्या खटल्यात, एंड्र्यू एफ. या नावाने तो ओळखला जातो, सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले की नाममात्र प्रगती पुरेशी नाही, त्या मुलाची परिस्थिती पाहता जेवढी प्रगती रास्त ठरेल तेवढी साधेल असा आराखडा असला पाहिजे. या निकालात प्रगतीचे माप त्या मुलाच्या परिस्थितीशी बांधले गेले. शेजारच्या मुलाशी नाही, शाळेच्या सरासरीशी नाही.

१९७५ च्या त्याच कायद्यातील दुसरे तत्त्व असे आहे की, मुलाला शक्य तितके इतर मुलांबरोबर, कमीत कमी बंधनांच्या वातावरणात शिकविले पाहिजे. ऐकावयास हे तत्त्व निर्विवाद वाटते. परंतु त्याचा अंमल करू गेले म्हणजे त्यातील पेच दिसू लागतात. लॉस एंजलिसच्या अवाढव्य शाळा-मंडळाविरुद्ध १९९३ साली चांडा स्मिथ नावाच्या विद्यार्थिनीच्या वतीने दावा दाखल झाला, कारण विशेष शिक्षणाच्या नावाखाली तिची वर्षे फुकट गेली होती. १९९६ साली संमतीचा हुकूमनामा झाला, २००३ साली त्यात दुरुस्ती होऊन मंडळाने गाठावयाची १८ फलिते ठरली, आणि स्वतंत्र देखरेखनीस नेमून हे काम पुढेही बरीच वर्षे चालले. स्वतंत्र विशेष केंद्रांतील मुलांची संख्या कमी करून त्यांना सर्वसाधारण आवारात आणावे हेही त्यांतील एक फलित होते. तेव्हा काही पालकांनी आनंद मानला आणि काहींनी जीव तोडून विरोध केला. ज्यांच्या मुलांना नळीवाटे अन्न द्यावे लागते, किंवा गर्दीचा कोलाहल सोसवत नाही, त्या पालकांना त्या शांत, सुसज्ज केंद्रांत वर्षानुवर्षे मुलाची नस ओळखलेली माणसे भेटली होती. दोन्ही बाजू मुलाच्या हितासाठीच बोलत होत्या, आणि माझ्या मते दोन्ही आपापल्या मुलापुरत्या खऱ्या होत्या.

आता आकड्यांकडे वळू. डिप्लोमा मिळवून बाहेर पडणाऱ्यांचे प्रमाण हा माध्यमिक शाळेच्या तुलनेतील सर्वांत वजनदार आकडा मानतात. कॅलिफोर्नियात २००६ च्या तुकडीपासून डिप्लोमासाठी राज्याची शेवटची परीक्षा उत्तीर्ण होणे आवश्यक झाले. दिव्यांग विद्यार्थ्यांपैकी पुष्कळजण तीत अडले, त्यांच्या वतीने दावे झाले, मग २००९-१० या शालेय वर्षापासून त्यांना सूट मिळाली, आणि २०१५ साली ती परीक्षाच तहकूब होऊन जे केवळ तिच्यापायी अडले होते त्यांना मागाहून डिप्लोमा देण्याची तरतूद झाली. ज्यांचे बौद्धिक दिव्यांगत्व मोठे आहे अशांना त्या काळात केवळ शिक्षणक्रम पुरा केल्याचा दाखला मिळत असे, आणि दाखला म्हणजे डिप्लोमा नव्हे, म्हणून हिशेबात ते अनुत्तीर्णांच्या रांगेत जाऊन बसत. २०२२ च्या कायद्याने अशा विद्यार्थ्यांसाठी डिप्लोमाचा एक पर्यायी मार्ग काढला. ही सारी फिरवाफिरव पाहता, एखाद्या विशेष हायस्कुलाचा २००८ सालचा आकडा २०१२ सालच्या आकड्याशेजारी ठेवला, आणि तो २०२५ च्या आकड्याशेजारी ठेवला, तर मध्ये शाळा बदलली की नियम बदलला हे सांगणे दुरापास्त होते.

वयाचाही प्रश्न आहे. ज्या दिव्यांग विद्यार्थ्याने डिप्लोमा घेतलेला नाही त्याला कॅलिफोर्नियात बावीस वर्षांपर्यंत सरकारी शिक्षण मिळण्याचा हक्क आहे, आणि अठरा ते बावीस या वयात बसने प्रवास करणे, पैशांचा हिशेब ठेवणे, स्वयंपाक, एखाद्या दुकानात वा कचेरीत उमेदवारी, असे स्वतंत्र जगण्याचे शिक्षण दिले जाते. हायस्कुलात शिरल्यापासून चार किंवा पाच वर्षांत कोण उत्तीर्ण झाला हे मोजणाऱ्या हिशेबाला हे मूल मागे पडलेले दिसते. प्रत्यक्षात ते आपल्या हक्काचे शिक्षण घेत असते. एक कल्पित उदाहरण घेऊ. एका गावी दोन विशेष हायस्कुले आहेत. पहिल्यात सौम्य अक्षमतेची मुले आहेत आणि त्यांपैकी बहुतेकांना चार वर्षांत डिप्लोमा मिळतो, तर दुसऱ्यात चालता-बोलता न येणारी मुले आहेत आणि चार वर्षांत क्वचितच कोणाला मिळतो. दुसऱ्या शाळेतील एक मुलगी तीन वर्षांच्या परिश्रमाने डोळ्यांच्या हालचालीवर चालणाऱ्या यंत्रातून आपल्याला काय हवे ते सांगावयास शिकली. तक्ता पहिल्या शाळेला निळा रंग देईल. त्या मुलीच्या आईपुढे मात्र तुलनेचा प्रश्नच राहत नाही.

परीक्षेच्या गुणांचे तसेच आहे. मोठे बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या मुलांसाठी राज्याची निराळी पर्यायी परीक्षा असते, आणि राज्यातील एकंदर परीक्षार्थींपैकी एक टक्क्याहून अधिकांना ती देऊ नये असे २०१५ च्या केंद्रीय कायद्याने ठरविले आहे. शाळांनी मुलांना सोप्या परीक्षेत ढकलून आपले आकडे सुधारू नयेत हा त्यामागचा हेतू रास्तच आहे. पण ज्या शाळेत बहुतेक मुले याच परीक्षेची असतात तिचे गुण सर्वसाधारण शाळेच्या गुणांशेजारी कसे ठेवावयाचे, हा प्रश्न त्या टक्केवारीने सुटत नाही.

अंधांच्या शाळेच्या बाबतीत तर आकडा उलट्याच दिशेने बोलू शकतो. दृष्टिहीन मुलाला शाळेच्या नेहमीच्या विषयांखेरीज आणखी नऊ क्षेत्रांचे शिक्षण लागते असे त्या शास्त्रातील जाणकार मानतात. ब्रेल, पांढऱ्या काठीच्या साहाय्याने फिरणे, साहाय्यक यंत्रांचा वापर, स्वावलंबनाची दैनंदिन कामे, व्यवसायाची ओळख, लोकांत वागण्याची रीत, ही त्यांपैकी काही. गावच्या शाळेत अशा मुलासाठी फिरता शिक्षक आठवड्यातून काही तास येतो. तेवढ्यात हे साधत नाही म्हणून काही मुले फ्रीमाँटच्या शाळेत काही काळ राहून ही विद्या आत्मसात करतात व परत आपल्या गावच्या हायस्कुलात जातात. ज्याचे शिक्षण उत्तम झाले तो लवकर परत गेला, आणि त्याचा डिप्लोमा गावच्या शाळेच्या खात्यावर जमा झाला. ज्याला अनेक दिव्यांगत्वे एकत्र आहेत तो राहिला, आणि अंधांच्या शाळेचा आकडा त्याच्यावरून ठरला.

तेव्हा तुलना करूच नये काय? करावी, परंतु दुसऱ्या गोष्टींची करावी. शाळा सोडल्यावर एक वर्षाने विद्यार्थी कोठे आहे, पुढे शिकतो आहे, रीतसर वेतनावर काम करतो आहे, की घरी बसून आहे, याची नोंद प्रत्येक राज्याने केंद्राला कळवावयाची असते, आणि माझ्या मते साऱ्या अधिकृत मोजमापांत हेच अधिक प्रामाणिक आहे. पालकाने शाळेला हा प्रश्न तोंडावर विचारावा. शिक्षकांपैकी किती जणांजवळ त्या विशिष्ट दिव्यांगत्वाची पूर्ण सनद आहे आणि किती जण तात्पुरत्या परवान्यावर काम करीत आहेत हे विचारावे, कारण विशेष शिक्षकांचा तुटवडा या राज्यात जुना आहे. वाचोपचार व व्यवसायोपचार देणारी माणसे शाळेत रोज असतात की आठवड्यातून एकदा येतात, कर्णबधिर मुलाशी त्याचे शिक्षक थेट त्याच्या भाषेत बोलू शकतात की दुभाष्यामार्फत, त्याच्या वयाची आणि त्याच्यासारखी किती मुले तेथे आहेत, घरापासून बसचा प्रवास किती तासांचा आहे, सोळाव्या वर्षापासून आराखड्यात जे पुढील आयुष्याचे उद्दिष्ट लिहावे लागते ते प्रत्येक मुलासाठी निराळे लिहिलेले असते की एकाच साच्यातले, या प्रश्नांची उत्तरे कोणत्याही तक्त्यात नाहीत, परंतु शाळेत एक सकाळ घालविली तर त्यांतील निम्मी न विचारताच मिळतात.

मराठी वाचकांच्या दृष्टीने हा विषय अगदीच दूरचा नाही. फ्रीमाँट आणि त्याच्या आसपासच्या गावांत नोकरीनिमित्त गेलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात, आणि त्यांतील काहींच्या घरी असे मूल असू शकते. आपल्याकडे कर्णबधिरांच्या शिक्षणास मुंबईत १८८५ सालीच प्रारंभ झाला. पुढे महाराष्ट्रातील विशेष शाळा मुख्यत्वे स्वयंसेवी संस्थांनी काढल्या व सरकारी अनुदानावर चालविल्या, आणि शालान्त परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, विषयांत सवलत अशा सोयीही मिळाल्या. परंतु दहावीच्या निकालाची टक्केवारी शाळेच्या फाटकावर फलक लावून मिरविण्याची जी सवय आपल्याला आहे, ती परदेशी जाताना बरोबर जाते, आणि तेथील रंगीत तक्ता पाहताच ती जागी होते. अशा पालकांनी तक्त्यापेक्षा आपले हक्क अधिक नीट वाचावेत. लेखी अर्जी दिल्यावर शाळा-मंडळाने पंधरा दिवसांत तपासणीची योजना पालकांपुढे ठेवावयाची असते, आणि त्यांची संमती मिळाल्यापासून साठ दिवसांत सभा घेऊन आराखडा तयार करावयाचा असतो. सभेतील चर्चा पालकांना समजावी म्हणून लागेल तर दुभाषी पुरविणे हे मंडळाचे कर्तव्य आहे, मग ती भाषा मराठी का असेना, आणि आराखड्याची प्रत आपल्या भाषेत मागता येते. चोवीस तास आधी कळविले तर सभेचे ध्वनिमुद्रण करता येते. मतभेद मिटला नाही तर राज्याच्या प्रशासकीय सुनावणी कार्यालयाकडे दाद मागता येते. आणि ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते की, कॅलिफोर्नियात पालकाने साऱ्या आराखड्यावर एकदम सही केलीच पाहिजे असे नाही : ज्या कलमांना त्याचा होकार असेल तेवढी लिहून देऊन बाकीची त्याला राखून ठेवता येतात, मंजूर झालेला भाग विनाविलंब अमलात आणावा लागतो, आणि उरलेल्याचा वाद मूल शाळेत शिकत असतानाच चालू राहतो.